पायघोळ

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. हिचे दिसले, आणि हिच्या आईनं ताबडतोब पाळण्यावर दुपटं टाकलं. ते दुपटं पुढं पंचवीस वर्षं निघालं नाही. दुपट्याचा फ्रॉक झाला, फ्रॉकचा झगा झाला आणि झगा इतका लांब झाला, की ती रस्त्यानं निघाली म्हणजे माणूस चालतंय असं वाटायचंच नाही. एखादा पडदा घर बदलतोय असं वाटायचं.

तिला नाव होतं. शाळेच्या दाखल्यावर असेल. आमच्या रस्त्यावर मात्र सगळे तिला पायघोळ म्हणत. ते नाव टेलरमास्तरांनी ठेवलं. ती पहिल्या दिवशी दुकानात कामाला आली तेव्हा मास्तरांनी चष्म्यावरून खाली पाहिलं आणि विचारलं, "एवढं पायघोळ कशाला गं? पायात काही घोळ आहे का?"

दुकान हसलं. ती हसली नाही, पांढरीफटक पडली. मास्तरांना वाटलं, पोर लाजली. थट्टा करताना माणूस कधी कधी खरं बोलून जातो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो.

कारण पायात खरोखरच घोळ होता. तिची पावलं उलटी होती. टाचा पुढं आणि बोटं मागं. डॉक्टरांच्या पुस्तकात याला नाव नाही. जुन्या माणसांकडे आहे, पण ते उच्चारताना ती आवाज खाली करतात आणि आधी दार लावून घेतात. हडळ.

हे त्यांच्या घरात एक पिढी सोडून यायचं, काही घरांत टक्कल येतं तसं. तिच्या आईचे पाय तुमच्याआमच्यासारखे होते. आजीचे तसे होते. आजी गाठी सोडवायची. दोराची असो, केसांची असो, नाहीतर अडलेल्या बाळंतिणीची, आजीनं बोट लावलं की गाठ सुटायची. गरज असली की लोक मागच्या दारानं यायचे आणि काम झालं की पुढच्या दारावर दगड मारायचे. तिच्या आईनं लहानपणी ते दगड मोजले होते. शिवाय मुलीचे पाय बघितल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मुलीचे वडील "कामानिमित्त जाऊन येतो" म्हणून गेले, ते अजून कामावरच आहेत. त्यामुळे मायलेकींच्या घरात एकच कायदा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकलं पाऊल त्याहून महाग.

बूट ती उलटे घालायची. म्हणजे लोकांना सुलटे दिसतील असे. बुटाच्या पुढच्या टोकात कापूस कोंबून त्यात टाच आणि टाचेच्या जागी बिचारी पाचही बोटं मुडपून बसवलेली. चोवीस तासांतले चौदा तास. संध्याकाळी घरी गेली, की आई घमेल्यात गरम पाणी काढायची, दिवा मालवायची, आणि अंधारात, वर तोंड फिरवून लेकीचे पाय धुवायची.

मास्तरांच्या दुकानात तिच्याकडे दुरुस्तीचं काम होतं. लहान झालेलं मोठं करायचं, मोठं झालेलं लहान करायचं. माझी कंबर दर वर्षी न चुकता इंचभर प्रगती करत असल्यामुळे मी तिचा जुना आणि निष्ठावंत गिऱ्हाईक. माझ्या एका पँटची शिवण तिनं सहा वेळा सोडली असेल, पण कापडावर सुईचं एक भोक कधी राहिलं नाही. इतर टेलरांनी उसवलेलं कापड म्हणजे डास चावल्यासारखं दिसतं. हिनं उसवलेलं कापड ताग्यातून आत्ताच काढल्यासारखं कोरं.

"कसं काय जमतं गं?" मी एकदा विचारलं.

"हात हलका आहे," ती म्हणाली आणि आतल्या खोलीचा पडदा ओढून घेतला.

हाताचा काही संबंध नव्हता. आतल्या खोलीत तिचं पायमशीन होतं. पायमशीनचं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, हे शिवण शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं. पडदा ओढून, बूट काढून तिनं पॅडलवर पावलं ठेवली की चाक उलटंच फिरायचं आणि दोरा तुटायचा नाही. तो टाक्याटाक्यानं मागं यायचा, कापडातून निघून पुन्हा रिळावर गुंडाळला जायचा, आणि सुईची भोकं डोळे मिटावेत तशी मिटत जायची. वीस वर्षांचा कोट अर्ध्या तासात शिवलाच नव्हता असा व्हायचा. आजीकडून आलेलं होतं ते. ती त्याची लाज बाळगून होती. आपण काहीतरी चोरतोय अशा चेहऱ्यानं पडद्याबाहेर यायची.

आणि दुकानात कटर होता.

कापड कापणारा म्हणून कटर. सगळं आयुष्य कात्री चालवूनही हा माणूस कुणाला कधी टोचून बोलला नाही. मास्तरांची त्याच्याबद्दल एकच तक्रार होती, की तो प्रत्येक शिवणीत दीड इंच मार्जिन सोडतो.

"अरे, पाऊण इंचात जग चालतं. तू दीड कशाला सोडतोस?"

"माणूस वाढतो हो मास्तर."

"माणूस वाढतो, कापड वाढतं का?"

"म्हणून तर आधीच सोडून ठेवतो."

तो पायघोळकडे बघायचा तेही असंच, मार्जिन सोडून. चार वर्षं तिच्या टेबलावर रोज सकाळी धार लावलेली छोटी कात्री ठेवायचा आणि काही न बोलता जायचा. त्याच्या उजव्या बुटाला करकर होती. ती करकर दारात ऐकू आली की आतलं मशीन क्षणभर थांबायचं. मास्तरांनी बुटाला तेल लावायला सांगितलं तर तो म्हणाला, "राहू दे." आम्हा गिऱ्हाइकांना सगळं दिसत होतं. त्या दोघांनाच काय ते दिसत नव्हतं.

शेवटी एकदा तो पडद्याजवळ येऊन उभा राहिला.

"एक विचारू?"

"कापड वाया जाणार नसेल तर विचारा," ती आतून म्हणाली.

"पुढच्या शहरात मोठं दुकान आहे. कटरची जागा आहे. दुरुस्तीच्या कामाला एक बाईही पाहिजे."

"मग जाहिरात द्या."

"आत्ता दिली की."

मशीन थांबलं. मग तोच म्हणाला, "रविवारी आठची गाडी आहे. मी सातला दुकानाच्या दारात येतो. तू आलीस तर दोघं जाऊ, लग्न करू. नाही आलीस तर मी समजेन. पुन्हा विचारून तुला अवघडवणार नाही."

घरी तिनं आईला सांगितलं. आईनं हातातलं काम खाली ठेवलं.

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगूही नकोस. लग्न कर, सुखानं जा. दिवा असताना पाय बाहेर काढू नकोस म्हणजे झालं."

"जन्मभर?"

"जन्म काय गं, बघता बघता जातो."

"मी दाखवणार आहे आई. आधी दाखवणार, मग जाणार."

"आणि बघून निघून गेला तर?" आई म्हणाली. "या घरातनं एक गेलाय बघून. मला अनुभव आहे. तुला नाही."

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून मास्तरांनी उखडलेली जमीन त्याच दिवशी करून घ्यायचं ठरवलं होतं. गवंडी पहाटेच आला. दारापासून आतल्या खोलीच्या पडद्यापर्यंत त्यानं सिमेंट घातलं, थापी मारून आरशासारखं केलं आणि दार उघडं टाकून चहाला गेला. गवंडी चहाला गेला की सिमेंटला वाळायला भरपूर वेळ मिळतो.

साडेसहाला ती आली. पायरीवर बूट काढले, पिशवीत टाकले. आज अनवाणीच त्याच्यासमोर उभं राहायचं होतं. दुसऱ्या पावलाला तिला कळलं, की खाली थंड आहे, मऊ आहे, आपण रुततोय. मागं फिरली असती तर पुन्हा कधी आत आली नसती. एवढं तिला स्वतःबद्दल माहीत होतं. ती तशीच पुढं गेली. सात पावलं. दोन्ही बाजूंनी झगा ओल्या सिमेंटवरून फरपटत गेला.

आतल्या खोलीत तिनं पडदा ओढला, कापडं बेतायच्या मोठ्या टेबलावर बसली, झगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि खिडकीतलं ऊन पायांवर येईल अशी पावलं पुढं ठेवली. तळव्यांना सिमेंट लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचे पाय उजेडात, घाई न करता बघत होती. तिनं मला नंतर सांगितलं, "तेव्हा वाटलं, इतके काही वाईट नाहीत. नखं तर आईसारखी आहेत."

सातला करकर ऐकू आली. पायरीपर्यंत आली आणि थांबली.

तिला फक्त "या" म्हणायचं होतं. मराठीत याहून लहान शब्द नाही. पण पंचवीस वर्षं झाकायची सवय झालेल्या तोंडातून तो ऐन वेळी निघेना. मग करकर मागं वळली. आधी सावकाश, मग भरभर, मग रस्त्याच्या आवाजात मिसळली.

तिला सगळं कळलं. म्हणजे तिला तसं वाटलं. सात पावलं आत आलेली, आणि सातही पावलांची बोटं रस्त्याकडे. शहाण्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? बघितलं आणि गेला. बघून गेलेले आता दोन झाले.

आठला मास्तर जमीन बघायला आले. दारात उभे राहिले, खाली पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "पायघोळ, बाहेर ये. आत बसून किती वेळ रडशील?"

पडदा हलला. "मी आत आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"पावलं बाहेर गेलेली दिसताहेत, म्हणजे तू आत असणार."

"तुम्हाला माहीत होतं?"

"टेलर आहे मी. तुझे झगे इस्त्रीला इथंच असतात. सगळ्या जगाच्या काठाला आतून बोटांचे ठोसे पुढं बसतात. तुझ्या काठाला मागं. पहिल्याच वर्षी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कामाला कुठं काही खोट होती? नाव ठेवून बसलो होतो तेवढं जिभेला टोचत होतं. ते बदलायला गेलो असतो तर तुला कळलं असतं की मला कळलंय." मास्तर पायरीवरच बसले. "कटर आला होता?"

"आला. बघितलं. गेला."

लांब स्टेशनवर गाडीनं शिट्टी दिली. मास्तरांनी स्टेशनच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं झाली या धंद्यात. कापड ओळखायला कधी चुकलो नव्हतो."

गवंडी आला आणि पावलं बघून त्यानं कपाळावर हात मारला. "कोण गेलं हे माझ्या कामावरनं?" तोवर सिमेंट धरलं होतं. मास्तर म्हणाले, असू दे.

त्यानंतरचे सात महिने ती कामाला येत होती. झगा आणखी दोन बोटं लांब झाला होता. आईनं स्वतः काठ जोडून दिला. "सांगितलं होतं" असं आई एकदाही म्हणाली नाही, आणि ते इतकं लागायचं, की म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आतलं मशीन दिवसभर उलटं फिरायचं. पण आता कापड नको तितकं कोरं व्हायला लागलं. मी कोपराचं भोक बुजवायला दिलेला कोट परत आला तेव्हा त्याच्यावर चहाचा जुना डागही नव्हता. त्या डागाची मला सवय झाली होती हो. पण तिला सांगणार कोण? सात महिन्यांत तिनं आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या कपड्यांचा भूतकाळ पुसून काढला. तिला पुसायची होती ती एकच सकाळ, ती काही पुसली जाईना.

मग पत्र आलं. मी तेव्हा दुकानात स्टुलावर उभा होतो आणि मास्तर माझ्या नव्या पँटला टाचण्या लावत होते. पोस्टमन पत्र ठेवून गेला. मास्तरांनी पाकीट उलटंसुलटं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कटरचं आहे." त्यांना वाचायचं नव्हतं, पण आतलं मशीन थांबलं होतं. म्हणून त्यांनी मोठ्यानं वाचलं.

मास्तरांना नमस्कार. दुकान चांगलं आहे, मालक मार्जिनवरून कटकट करतो. गेल्या महिन्यात मी लग्न केलं. बायको काजंबटणं करते, स्वभावानं चांगली आहे. इतके दिवस लिहिलं नाही, कारण मनाला लागलं होतं. त्या रविवारी मी सातला दारात आलो होतो. ओल्या सिमेंटवर तिची पावलं बाहेर जाताना दिसली. झग्याची फरपट होती, म्हणजे तिचीच. सिमेंट घालायच्या आधीच येऊन आत बसली असेल, विचार केला असेल आणि माझ्या आधी निघून गेली असेल. सिमेंट ओलं आहे हेही बघायला थांबली नाही, इतकी घाई. मी समजलो. पुन्हा विचारणार नाही म्हणालो होतो, म्हणून तिच्या घरी गेलो नाही. तिला सांगा, राग नाही. मी दिलेलं पुडकं तिला मिळालं ना?

पडदा बाजूला करून ती बाहेर आली. "मधलं पुन्हा वाचा."

"पावलं बाहेर जाताना दिसली," मास्तरांनी वाचलं.

तिनं खाली पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. स्टुलावरून मीही पाहिलं. दुकानाच्या जमिनीवर सात पावलं रस्त्याकडे निघाली होती. ज्याला काही माहीत नाही असा कुणीही माणूस शपथेवर सांगेल, की इथून कोणीतरी निघून गेलंय. आम्ही तिघांनी सात महिने त्याला पळपुटा म्हटलं होतं. मास्तरांना खरं माहीत होतं आणि तिला तर होतंच. खरं माहीत असलेल्या माणसांना चुकीचं वाचता येत नाही. आणि मला माहीत नव्हतं, पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

ती हसायला लागली. "सरळ वाचून गेला हो मास्तर! सरळ माणूस, सरळ वाचलं त्यानं!" हसता हसता ती जमिनीवर बसली आणि ते हसणं कधी रडणं झालं ते कळलं नाही. मला खाली उतरून तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. पण पँटला चौदा टाचण्या होत्या. दुसऱ्याचं दुःख समोर असताना टाचण्या लावून स्टुलावर उभं राहण्याइतकी लाजिरवाणी अवस्था जगात नाही.

"त्यानं बघितलेच नाहीत," ती म्हणाली. "मी समजले, बघितले आणि गेला. त्यानं बघितलेच नव्हते. एक झगा आखूड असता, एक दिवस आधी, तर..."

मास्तर उठले. "लिहू त्याला? खरं काय ते?"

तिनं पत्र घेऊन त्याची घडी घातली. कुठलीही शिवण ती भोक न पाडता उसवू शकत होती. पण धंद्याचा तिचा एक नियम होता. ज्याचं कापड त्यानं सांगितल्याशिवाय उसवायचं नाही. तिकडे एक बाई होती, स्वभावानं चांगली, काजंबटणं करणारी.

"लिहा, पुडकं मिळालं. एवढंच लिहा." मग डोळे पुसून म्हणाली, "कसलं पुडकं?"

मास्तर ओशाळले. शनिवारी कटरनं त्यांच्याकडे एक पुडकं दिलं होतं, ती आली नाही तर तिला द्या म्हणून. रागाच्या भरात मास्तरांनी ते फळीवर मागं टाकून दिलं होतं. आता त्यांनी ते झटकून तिच्या हातात ठेवलं. आत निळ्या कापडाचा झगा होता, आणि मापाच्या चिठ्ठीवर त्याचं अक्षर. लांबी, घोट्याच्या वर दोन बोटं. मापं सगळी नजरेनं घेतली आहेत. एवढ्या उकाड्यात तू इतकं लांब घालतेस, बघूनच मला घाम येतो. आवडलं नाही तर काठात दीड इंच सोडलंय.

संध्याकाळी घरी आईनं घमेल्यात पाणी काढलं आणि दिवा मालवायला हात पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली आणि पत्रातलं सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. काठ लांब कुणी केला होता, हे दोघींनाही माहीत होतं. आईनं ते बोलून दाखवलं नाही आणि लेकीनंही नाही. आई खाली बसली, दिव्याच्या उजेडात तिनं लेकीचे पाय मांडीवर घेतले, आणि पाळण्यानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. अंगठ्यांना घट्टे पडले होते. बोटं मुडपून मुडपून वाकडी झाली होती.

"हे कधी झालं गं?" आईनं विचारलं.

"बुटात."

"मला हाताला लागायचं धुताना. मी विचारलं नाही." आई एकेक बोट सरळ करून बघत होती. "नखं माझ्यासारखी आहेत की."

दुसऱ्या दिवशी ती निळा झगा घालून, अनवाणी, दुकानात आली. काठातला दीड इंच तिनं उसवून खाली घेतला नव्हता. त्या दिवसापासून रस्त्यावर काय काय झालं ते सांगत बसत नाही. दोन गिऱ्हाइकं तुटली. काही दिवस पोरं तिच्या मागं उलटं चालत जायची. त्यातलं एक खांबावर आपटलं, मग बंद झालं. शाळेच्या मोठ्या बाई कोट घेऊन आल्या, त्यांनी खाली पाहिलं, आणि आयुष्यभर वर्ग गप्प करणाऱ्या बाई स्वतःच गप्प झाल्या.

"म्हणजे तू... ती?" त्या शेवटी म्हणाल्या.

"हो बाई. हडळ. पाय उलटे, शिवण सरळ."

बाईंनी कोट टेबलावर ठेवला. "बाही सैल झालीय. गुरुवारपर्यंत होईल?"

"बुधवारी घेऊन जा."

आतल्या खोलीचा पडदा तिनं काढून त्याच्या दोन पिशव्या शिवल्या. आता मशीन सगळ्यांसमोर उलटं फिरतं, आणि लोक मुद्दाम बघायला थांबतात. आजीसारखं मागचं दार तिनं ठेवलेलं नाही. गवंड्यानं जमीन फुकट नवी करून देतो म्हटलं होतं, मास्तरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. नवीन गिऱ्हाईक आलं की त्या सात पावलांकडे बघून विचारतंच, "इथून कोण गेलं हो?"

"गेलं कुणी नाही," ती मान वर न करता सांगते. "मी आत आले होते."

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. कोणाच्या तरी उजव्या बुटाला करकर असतेच. ती दारात वाजली की मशीन थांबतं. ती वर बघते. दारात कुणीतरी दुसराच असतो, बहुतेक वेळा मीच, वाढलेली कंबर घेऊन. "या," ती म्हणते. आता तो शब्द चटकन येतो. आणि मग चाक पुन्हा सुरू होतं, आपल्याच पद्धतीनं, उलटं.